फ्रीजच्या तेलातली पूड

फ्रीजचा कॉम्प्रेसर वेल्डिंगने कायमचा बंद केलेला असतो आणि कारखान्यात भरलेल्या तेलावरच त्याने वर्षानुवर्षे चालणे अपेक्षित असते. त्या तेलात धातूच्या ऑक्साइडची नॅनोमीटर मापाची पूड मिसळली तर वीज वाचते, असे सांगणारे संशोधन मी बरेच दिवस वाचत आहे. त्यातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा मात्र मला पहिल्यापासून खटकतो.

तो आकडा २६.१ टक्के बचतीचा. बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये आर-१३४ए या थंडावा निर्माण करणाऱ्या वायूवरच्या घरगुती फ्रीजमध्ये, वजनाच्या ०.१ टक्का टायटॅनियम डायऑक्साइड घातलेले खनिज तेल वापरून तो मिळवला. तुलना होती ती मूळच्या पॉलिओल एस्टर या कृत्रिम तेलाशी, म्हणजे तेलही बदलले आणि पूडही पडली. मग श्रेय कोणाचे? त्याच प्रयोगात ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरल्यावरही निकालात फारसा फरक पडला नाही, यावरून माझा संशय तेलाकडेच अधिक वळतो. (आर-१३४ए खनिज तेलात नीट मिसळत नाही, म्हणून तर ओलावा शोषणारे ते पॉलिओल एस्टर तेल स्वीकारावे लागले होते.)

आता घराघरांत येणाऱ्या नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो खनिज तेलात सहज मिसळतो. या वायूसोबत टायटॅनियम डायऑक्साइड वापरून केलेल्या २०११ च्या चाचणीत लिटरमागे ०.५ ग्रॅम पुडीने ९.६ टक्के बचत झाली. हा आकडा मला अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि तो लहानही नाही, कारण फ्रीज चोवीस तास चालू राहणारे यंत्र आहे. घासणाऱ्या पृष्ठभागांतील सूक्ष्म खाचा कणांनी भरल्यामुळे घर्षण घटते, तसेच वायूबरोबर वाहत गेलेले कण उष्णतेच्या देवाणघेवाणीला मदत करतात, अशी त्याची कारणे दिली जातात.

आमचा फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला हे सांगितले, तेव्हा त्यांनी ताबडतोब विचारले, “आणि कॅपिलरी चोक झाली तर?” सुटा कण त्या मिलिमीटरहूनही बारीक नळीतून आरामात जाईल, पण कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, तळाशी बसतात आणि बंद कॉम्प्रेसरमधले तेल कोणी ढवळणार नसते. त्यामुळे काही दिवसांच्या चाचणीपेक्षा, दहा वर्षे चाललेला असा कॉम्प्रेसर कापून त्याच्या तळाशी काय साचले आहे, हे मला पाहायचे आहे.