कानाला गोष्ट, हाताला कागद : आमची वाटचाल

आमच्याकडे कार्डावर पहिला थर चिकटवला, की दुसरा थर मोठ्यानं वाचत असलेल्या पुस्तकाचं चालू प्रकरण संपल्यावरच चढतो. नव्याने कामाला येणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी आम्ही एवढंच सांगतो. बाकीचं ती बघून शिकते. आमचा उद्योग म्हणजे वाईतल्या घराची मागची पडवी, दोन टेबलं, एक सतरंजी आणि हातानं केलेली शुभेच्छापत्रं. पण हे सगळं उभं राहिलं ते वाचनामुळे.

माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यांची तीस वर्षं त्यात गेली. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी आली, खिळे ठेवायच्या केसा भंगारात गेल्या आणि आबा घरी बसले. पुढे काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू गेली. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिखाण अक्षर अक्षर हाताळलेला माणूस, त्याला वर्तमानपत्राचा मथळाही दिसेना. वाई हे तसं ग्रंथांचं गाव, मराठी विश्वकोशाचं काम इथंच चालत आलं. अशा गावात राहून घरात पुस्तकं असताना ती बंद राहावीत, याचं आबांना फार वाईट वाटायचं. तोंडानं ते कधी म्हणाले नाहीत. पण संध्याकाळी कपाटापाशी जाऊन पुस्तकांच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहायचे.

2009च्या हिवाळ्यात माझ्या लेकीनं, तेव्हा ती तिसरीत होती, त्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली. बालभारतीचं 'किशोर' मासिक आमच्याकडे यायचं, त्यातल्या गोष्टी. जोडाक्षराला ती अडखळायची. आबा मध्ये बोलायचे नाहीत. परिच्छेद संपला की म्हणायचे, "ती मधली ओळ पुन्हा वाच बघू, छान होती." मग ती दुसऱ्यांदा बरोबर वाचायची. मुलाला वाचायला शिकवण्याची याहून चांगली रीत मी आजवर पाहिलेली नाही.

मी आणि सासूबाई ऐकायला बसायचो. पण नुसतं बसवत नाही हो बायकांना. सासूबाई वाती वळायच्या, मी लेकीच्या शाळेसाठी रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं करायची. क्विलिंग. तीन मिलिमीटरची पट्टी सुईच्या फटीत अडकवायची, गुंडाळायची, सोडायची, चिमटीनं पाकळीचा आकार द्यायचा. चार-पाच दिवसांत लक्षात आलं, की हे काम डोळ्यांचं नाही, बोटांचं आहे, आणि बोटं कामात असली की कान मोकळे होतात. ज्या दिवशी हातात काही नसायचं त्या दिवशी मन स्वयंपाकघरात जायचं, उद्याच्या डब्यात जायचं. हातात पट्टी असली की गोष्टीतून हलायचं नाही.

फुलं साठली, त्यांची कार्डं झाली. पहिली कार्डं मी चक्क वाया घालवली. पुठ्ठ्यासारखा जाड कागद घेऊन घडी घातली, तर घडीवर कागद फुटून पांढरी रेघ दिसायची. आबांनी एक कार्ड हातात घेतलं, घडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सूनबाई, कागद उलटा घेतलास." मग त्यांनी मला ग्रेन शिकवला. यंत्रावर केलेल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपलेले असतात. ताव न मोडता आधी एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं वाकवून बघायचा. ज्या बाजूनं तो सहज वाकतो, त्याच दिशेनं घडी घालायची. आणि घडीआधी मोजपट्टी धरून संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं रेघ दाबून घ्यायची. ज्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं अशा माणसानं मला कागद बघायला शिकवलं.

पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद मी आबांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो चारी बाजूंनी वाकवून पाहिला आणि खूश झाले. हातकागद साच्यावर हलवून उचलतात, त्यामुळे तंतू सगळ्या दिशांना बसतात, आणि घडी कुठूनही घाला, फारसा फरक पडत नाही. तेव्हापासून आमचं कार्ड हातकागदाचंच. महाग पडतं, हे खरं. 22 बाय 30 इंची तावात 7 बाय 10चे नऊ तुकडे निघतात, त्यांची घडी घातली की 5 बाय 7ची नऊ कार्डं. वर एका बाजूला एक इंच रुंदीची लांब पट्टी उरते. त्या उरलेल्या पट्टीचं पुढे काय झालं ते सांगतेच.

पैसे घेऊन दिलेली पहिली कार्डं 2012च्या संक्रांतीची. पूर्वी संक्रांतीला टपालानं शुभेच्छापत्र यायचं आणि त्यात हलव्याची इवलीशी पुडी असायची. सासूबाईंच्या माहेरून दर वर्षी यायचं, आणि ते बंद झाल्याची त्यांना रुखरुख होती. आम्ही चाळीस कार्डं केली आणि आळीतल्याच लोकांनी ती घेतली. टपालाचा हिशेब मात्र शिकावा लागला. साधं पत्र 20 ग्रॅमपर्यंत पाच रुपयांच्या तिकिटात जातं. कार्ड सुमारे 11 ग्रॅम, पाकीट 6 ग्रॅम, फुलाचा एखादा ग्रॅम. हलव्याला उरले दोन. तिकीट कमी पडलं तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात, आणि शुभेच्छा देऊन कुणाला दंड करायचा नसतो. म्हणून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर पुड्या मोजल्या. दुसरी गोष्ट पोस्टातल्या काकांनी सांगितली : "ताई, तिकिटाखाली काही ठेवू नका, शिक्का बसला की पीठ होईल." तेव्हापासून पुडी डाव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात.

आता 2014 सालाबद्दल. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं राखीसाठी सहाशे कार्डं मागितली. आमच्यासाठी तो आकडा प्रचंड होता. मी दोन शेजारणींना हाताशी घेतलं, नगावर मजुरी ठरवली आणि वेळ वाचावा म्हणून वाचन बंद केलं. आबांना म्हटलं, फक्त महिनाभर. ते "बरं" म्हणाले. जुलैचा महिना होता. वाईच्या पावसाळ्यात कपाटातला कागदसुद्धा हवेतलं पाणी पिऊन लोळागोळा होतो. लवकर पसरावा म्हणून फेव्हिकॉल पातळ केला, एक थर ओला असतानाच दुसरा चढवला, आणि गठ्ठे बांधून पाठवून दिले. सहाशेतली तीनशे ऐंशी परत आली. कार्डं होडीसारखी वाकलेली, काहींची फुलं पाकिटाला चिकटलेली. दुकानदाराचं काहीच चुकलं नव्हतं. त्या रात्री मी परत आलेली कार्डं जमिनीवर मांडून बसले होते. आबांनी एक उचललं, त्याचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "पूर्वीची अशी का नाही व्हायची?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आठवडा लागला. पूर्वी आम्ही एक थर चिकटवायचो, वर पुठ्ठा ठेवायचो, त्यावर विश्वकोशाचा एक जाडजूड खंड ठेवायचो आणि लेक वाचत असायची तोवर पुढची फुलं वळायचो. प्रकरण साधारण पंचवीस मिनिटांचं. ते संपलं, चहा झाला, की मग खंड उचलायचा. म्हणजे कागदाला वाळायला लागणारा वेळ आम्ही ठरवून दिलेला नव्हता, पुस्तक देत होतं. वाचन काढून टाकलं तेव्हा तो वेळही गेला, आणि आम्हाला कळलंच नाही.

वाचन दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. त्याबरोबर दोन गोष्टी कायमच्या ठरवल्या. एक, मजुरी तासावर, नगावर नाही. नग मोजणारा माणूस ऐकूच शकत नाही. दोन, वाचणाऱ्या बाईलाही तीच मजुरी. या दुसऱ्या गोष्टीवर घरातच वाद झाला. नवरा म्हणाला, वाचण्याचे पैसे कसे देणार? लेकीनं मग कुठूनतरी वाचून सांगितलं, की क्यूबातल्या चिरुटांच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून कामगारांसाठी मोठ्यानं वाचणारा माणूस असतो, आणि आपल्याकडे केरळात कन्नूरच्या विडी कामगारांतही एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी विड्या वळायच्या अशी पद्धत होती. आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो, हे ऐकून मला फार धीर आला. आज आमच्याकडे पाच जणी आहेत. त्यातल्या एकीनं सातवीत शाळा सोडली होती. पहिले सहा महिने ती वाचायला नकोच म्हणायची. आता तिची पाळी असली की बाकीच्या लवकर येतात, कारण ती संवाद फार सुरेख वाचते.

कुठलं काम वाचनात बसतं आणि कुठलं नाही, याचा आता पक्का अंदाज आला आहे. पट्ट्या वळणं, पाकळ्या करणं, पाकिटं चिकटवणं, घड्या दाबणं हे ऐकता ऐकता होतं. मोजमाप, कटरनं कापणं आणि अक्षरं लिहिणं होत नाही. ते सकाळी शांतपणे करायचं. पुस्तकांचंही तसंच. प्रवासवर्णनं, आठवणी, माणसांची चित्रं उत्तम चालतात. रहस्यकथेला हात थांबतात, म्हणून ती शनिवारी, काम नसताना.

4 मे 2017 रोजी भिलार हे पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. पाचगणीच्या पुढं, स्ट्रॉबेरीचं गाव. पंचवीस ठिकाणी, लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली. कुणीही जावं, बसावं, वाचावं. त्या सुट्टीत आम्ही सगळे गेलो. एका घराच्या ओसरीवर लेक आबांना वाचून दाखवत होती. मधेच थांबून तिनं मला पान दाखवलं : वरचा कोपरा मुडपलेला. पुढच्या पुस्तकातही तसाच. आबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. छापखान्यातला माणूस, पानाला इजा झालेली त्याला सोसत नाही.

परत येताना गाडीत मला ती एक इंची उरलेली पट्टी आठवली. तीस इंचांच्या पट्टीतून सहा इंची पाच वाचनखुणा. त्यानंतर आमच्या घरातून हातकागदाचा कपटाही वाया गेलेला नाही. पुढे लेकीनं सुचवलं, की कार्डातूनच खूण निघावी : कार्डाची कड फाडून घ्यायची आणि पुस्तकात ठेवायची. पण फाडायला बारीक भोकांची रेघ हवी, आणि त्याचं यंत्र परवडणारं नव्हतं. सासूबाईंनी शिलाई मशीनमधला दोरा काढला, टाका मोठा केला आणि नुसत्या सुईनं कार्डावरून शिवण मारली. टाका बारीक असला तर कड आपोआप गळते, मोठा असला तर धड फाटत नाही, मधला सापडायला एक दुपार लागली. हे कार्ड दिवाळीला सगळ्यात जास्त जातं. 1909 साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी म्हणजे फराळ आणि अंक, हे मराठी घरात ठरलेलं आहे. एक अंक घरातले चार जण चार ठिकाणी वाचत असतात, तेव्हा खुणाही चार लागतात. म्हणून आम्ही पाकिटात एक कार्ड आणि तीन सुट्या खुणा देतो.

2020च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. बायका येऊ शकत नव्हत्या. आम्ही फोनवर वाचन चालू ठेवलं, रोज दुपारी तीनला, प्रत्येकीच्या घरी पट्ट्यांचं पुडकं आधीच पोचवलेलं. त्या वेळी एका गिऱ्हाईक ताईंनी विचारलं, कापलेला कागद आणि पट्ट्या पाठवाल का, मुलं घरात कंटाळलीत. त्यातून वाचनपेटी निघाली. चार कार्डांचं सामान, पट्ट्या, सुई, छोटी डिंकाची बाटली आणि एक चिठ्ठी : एकानं वाचायचं, बाकीच्यांनी करायचं, थर प्रकरणानंतर. आत गोष्ट घालत नाही. दुसऱ्याचं लेखन छापायचा आम्हाला हक्क नाही, आणि घरातल्या कपाटातलं किंवा वाचनालयातलं पुस्तक बाहेर निघावं हाच तर हेतू आहे. पेटी घेणाऱ्यांना आम्ही महिनाभरानं विचारतो, काय वाचलंत? कार्डं कशी झाली हे नंतर.

आबा 2022 मध्ये गेले. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला लेकीनं केलेलं कार्ड आमच्या पडवीत लावलेलं आहे. क्विलिंगच्या पट्ट्या उभ्या चिकटवून तिनं उठावाची अक्षरं केली होती, बोटांना कळतील अशी. पण सरळ नाहीत. खिळ्यावर असतात तशी उलटी, आरशातली. हातात दिलं तेव्हा आबांनी आधी नेहमीसारखा कागद वाकवून पाहिला. मग बोटं अक्षरांवर गेली आणि थांबली. त्यांनी कार्ड फिरवून डोक्याकडची बाजू स्वतःकडे घेतली, छापखान्यात जुळणीची पट्टी धरायचे तसं डाव्या हातात धरलं आणि उजव्या अंगठ्यानं एकेक अक्षर चाचपत वाचलं. बारा-तेरा वर्षांत त्यांनी स्वतः वाचलेली ती पहिली ओळ होती.

तसं कार्ड करून द्या, असं अनेक जण म्हणतात. ते आम्ही विकत नाही. सरळ उठावाच्या अक्षरांची मात्र करतो, डोळ्यांनी अधू असलेल्या माणसांसाठी. फक्त नाव आणि एक ओळ, दोन दिवस आधी सांगावं लागतं.

लेक आता पुण्याला शिकते. रविवारी साडेआठला तिचा फोन येतो, आम्ही तो टेबलावर मधोमध ठेवतो, ती वाचते. सध्या संक्रांतीची कार्डं चालू आहेत. हलवा सासूबाईच करतात, आणि पुड्या अजून सोनाराच्याच काट्यावर मोजल्या जातात.