जमिनीखालचा दोर

मिरजेजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत उभी हयात यंत्रदुरुस्तीत घालवलेल्या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोत नेऊन प्रसिद्ध पूल दाखवला, तरी त्याचे लक्ष शेवटी फिरणाऱ्या चाकाकडेच जाणार, हे माझ्या मुलीने ओळखले आणि एका दुपारी ती मला केबल कारच्या संग्रहालयात घेऊन गेली. अर्ध्या तासासाठी गेलो होतो, संग्रहालय बंद होण्याच्या वेळेला बाहेर पडलो.

रस्त्यावरच्या रुळांवरून धावणाऱ्या या गाडीला स्वतःचे इंजिन नसते आणि मोटरही नसते. रस्त्याखालच्या खाचेतून सव्वा इंच जाडीचा पोलादी दोर ताशी साडेनऊ मैल या एकाच वेगाने अखंड फिरत असतो. गाडीतला ग्रिपमन लांब दांडा ओढून तो दोर पकडीच्या जबड्यात धरतो, तेव्हा गाडी चालू लागते. जिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात, तिथे एका मार्गावरच्या गाडीला आपला दोर सोडून देऊन नुसत्या वेगाच्या भरावर पलीकडे जावे लागते. उतारावर थांबण्यासाठी चाकांच्या ब्रेकखेरीज रुळांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळेही असतात. ते इतक्या लवकर झिजतात, की काही दिवसांतच बदलावे लागतात. पोलाद आवरायला लाकूड वापरण्याची ही युक्ती पाहून मी मनोमन हात जोडले. या दोराच्या पारंपरिक रचनेत पोलादी पेडांच्या मधला गाभा घायपाताचा असतो, हे कळले तेव्हा आमच्याकडे बैलांच्या कासऱ्यांसाठी वळला जाणारा वाख आठवला.

संग्रहालयात 1870च्या दशकातल्या तीन गाड्या आहेत आणि त्यांतली एक अँड्र्यू हॅलिडी यांनी 1873मध्ये क्ले स्ट्रीटवर सुरू केलेल्या पहिल्या मार्गाची आहे. मी त्या गाड्यांपाशी पाच मिनिटे थांबलो असेन. खरे आकर्षण सज्जाच्या कठड्याखाली आहे. हे संग्रहालय चालू यंत्रघरातच थाटलेले असल्यामुळे शहरभर फिरणारे चारही दोर तिथेच 510 अश्वशक्तीच्या विजेच्या मोटरींवर मोठमोठ्या चाकांना वेढे घालून जाताना दिसतात. तो घुमणारा आवाज आणि तेलाचा वास यांच्यापुढे काचेच्या कपाटातले काही टिकत नाही.

ही व्यवस्था आपोआप वाचलेली नाही. 1947मध्ये महापौरांनी पॉवेल स्ट्रीटवरच्या गाड्या बंद करून बस आणायचे ठरवले, तेव्हा फ्रिडेल क्लुसमन या बाईंनी नागरिकांची समिती उभी केली आणि मतदारांनी मोठ्या बहुमताने त्या गाड्या राखल्या. पुढे झीज इतकी वाढली, की 1982मध्ये सगळी वाहतूक बंद करावी लागली. दोन चौकांमधल्या रस्त्याच्या 69 टप्प्यांवरचे रूळ आणि दोरांचे मार्ग नव्याने घातले गेले, 37 गाड्या दुरुस्त केल्या गेल्या किंवा पुन्हा बांधल्या गेल्या, आणि यंत्रघराच्या विटांच्या बाहेरच्या भिंती तेवढ्या राखून आतले सारे नवे उभारले गेले. जून 1984मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या.

यंत्र इतके बदलल्यावर ते जुने कसे म्हणायचे, असे मुलीने विचारले. वाड्याची तुळई बदलली म्हणून वाडा नवा होत नाही, असे मी म्हणालो. तिला ते पटलेले दिसले नाही. माझ्या मते जुनेपण लोखंडात नसून काम करण्याच्या रीतीत आहे. ग्रिपमनचा हात आजही दोराचा ताण दांड्यातूनच ओळखतो, आणि ती ओळख दुसऱ्या कुणाच्या हातात उतरायची असेल, तर गाडी चालतीच ठेवावी लागते.

मिरजेला 1927मध्ये पोचलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे आमच्या लहानपणी वारकऱ्यांना टपापर्यंत भरून पंढरपूरला नेत असे. त्याच मार्गावर आता ब्रॉडगेज आहे, गाडी वेगाने जाते आणि प्रवाशांची सोय झाली आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्या छोट्या इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमीजास्त करणारा दांडा, हातात धरला, की वाफ कशी जाणवत असे, हे सांगणारी माणसे मिरजेत किती उरली असतील, याचा हिशेब मी परतीच्या विमानात बोटांवर करत होतो, आणि एका हाताची बोटेही संपली नाहीत.