आमची वाटचाल: ४० मिलीमीटरचा गॅप

बेंडिंग मॅग्नेटची, म्हणजे वेगाने धावणाऱ्या कणांचा झोत (बीम) वळवणाऱ्या चुंबकाची, चौकशी आली की कोटेशनच्या आधी आम्ही विचारतो: कण कोणता, ऊर्जा किती, बीम किती जाड? भोसरीतल्या वर्कशॉपला या चौकशा कशाला, असं पर्चेसवाले म्हणतात. म्हणू देत.

हे आम्हाला सरांनी शिकवलं; कणांच्या झोतावरचा त्यांचा स्वतःचा प्रकल्प होता. पुणे विद्यापीठात इलेक्ट्रॉनचा ८ एमईव्हीचा (एमईव्ही हे कणाच्या ऊर्जेचं एकक) रेसट्रॅक मायक्रोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, चालला, त्यामुळे असली कामं पुण्यात होतात यावर त्यांचा पक्का विश्वास. शेडमध्ये स्टुलावर बसून त्यांनी आमच्यासोबत आकडे मांडले. १० एमईव्हीचा प्रोटॉन वळवायचा. लोखंड २ टेस्लाच्या (चुंबकीय फील्डचं एकक) आसपास दम टाकतं, त्यापुढे फील्ड फारसं वाढत नाही, म्हणून फील्ड दीड टेस्ला. वळणाची त्रिज्या साडेतीस सेंटिमीटर आली. बीम, तो ज्यातून जातो त्या चेंबरच्या भिंती आणि अलाइनमेंटची मोकळीक धरून गॅप, म्हणजे चुंबकाच्या दोन पोलमधली फट, ४० मिलीमीटर. त्याला सुमारे ४८ हजार अँपिअर-टर्न (करंट गुणिले कॉइलचे वेढे) लागतात. कॉइल, पॉवर सप्लाय, कूलिंगचं पाणी सगळं त्यावरून ठरलं.

मॅग्नेट हवा असलेल्या संस्थेचं इरादापत्र (ऑर्डर देण्याचा इरादा, पक्की ऑर्डर नव्हे) हातात होतं. बँकेची लिमिट वापरून आम्ही कमी कार्बनचं मऊ लोखंड आणलं, ॲनीलिंग (तापवून सावकाश गार करणं) करून घेतलं. मग दुसऱ्या एका कारखानदाराने संस्थेच्या समितीला पटवलं की गॅप ६० करा, बीमला ऐसपैस जागा मिळेल, शिवाय पोलचं ग्राइंडिंग स्वस्तात होईल. ड्रॉइंग आमचं, ऑर्डर त्याला. कॉइल आणि पॉवर सप्लाय मात्र जुन्याच हिशेबाचे! तेवढ्याच अँपिअर-टर्नमध्ये ६० च्या गॅपला १ टेस्लाच मिळतो. त्या वळणातून साडेचार एमईव्हीच्या वरचा प्रोटॉन जाईना. दीड टेस्ला गाठायचा तर करंट दीडपट, कॉइलमधली उष्णता सव्वादोनपट. हे आम्ही लेखी कळवलं होतं. त्या पत्राचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

इकडे लोखंड पडून, बँकेच्या नोटिसा, पगार थकलेले. अचूक जागी भोकं पाडणारं जिग बोरिंग मशीन विकावं लागलं. असं मशीन आता सहसा बघायला मिळत नाही. त्याच्या टेबलाची चाल हाताला कळायची. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आणि स्लिप गेजची, म्हणजे अचूक जाडीच्या मापपट्ट्यांची, पेटी मात्र विकली नाही. फील्ड दहा हजारांत एका भागापर्यंत सारखं हवं, तर ४० च्या गॅपमध्ये पोल ४ मायक्रॉनच्या आत समांतर लागतात. स्लिप गेज सकाळी गार शेडमध्ये लावायचे, दुपारी पत्रा तापल्यावर नाही. हॉल प्रोबने फील्ड मोजताना गडबड दिसली, तर प्रोबला दोष देण्याआधी गॅप पुन्हा मोजा.

सरांनीच वाचवलं. त्यांच्या प्रकल्पातल्या करेक्शन मॅग्नेटचं (बीमची वाट किंचित सुधारणाऱ्या चुंबकांचं) काम आम्हाला मिळालं, ॲडव्हान्ससकट, आणि पडून असलेलं लोखंड त्यात लागलं. पुढची वर्षं कामात गेली.

नव्या मुलांनी विचारलं नाही तरी सांगतो: पॉवर सप्लाय कॅटलॉगमधून आधी निवडून त्यावर मॅग्नेट बसवू नका. इरादापत्रावर लोखंड घेऊ नका. आमच्या ड्रॉइंगवर आता गॅपच्या आकड्यासमोर ग्राहकाची वेगळी सही असते. तो बदलला तर कॉइलचा हिशेब नव्याने, आणि पैसेही नव्याने.