क्युबेकचा कौल आणि दादरचा कट्टा

दादरच्या कट्ट्यावर ‘स्वतंत्र विदर्भ’ आणि कॅनडातल्या क्युबेक प्रांताचा ‘स्वतंत्र क्युबेक’ एकाच दमात बोललं जातं. गल्लत इथेच होते. विदर्भवाद्यांना वेगळं राज्य हवंय, वेगळा देश नव्हे. त्याला राज्यघटनेच्या कलम ३ खाली संसदेचं साधं बहुमत पुरतं, विधानसभेचं फक्त मत मागवायचं.

क्युबेकचं प्रकरण निराळं, तिथे वेगळ्या देशाचाच सवाल. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात मतदान ९३ टक्क्यांवर गेलं आणि ‘नको’वाले ५०.५८ टक्क्यांवर जेमतेम तरले. फरक ५४,२८८ मतांचा. बाद मतपत्रिका त्याहून जास्त! शिवाय प्रश्नातच कॅनडाशी ‘भागीदारी’चा प्रस्ताव घुसडलेला, म्हणजे नेमकं कशाला ‘हो’, तेच धूसर. म्हणून २००० च्या कायद्यानुसार प्रश्न स्पष्ट आहे का, हे कॅनडाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह, हाऊस ऑफ कॉमन्स, मतदानाआधीच ठरवतं. ‘हो’ला ‘स्पष्ट बहुमत’ही लागतं, पण ते म्हणजे किती टक्के? तो आकडा मात्र कायद्यात नाहीच.