सातशे वीस रुपयांचा फरक

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचे अकौंटंट फोनवर तापलेच होते. "सर, कोल्हापूरच्या पार्टीनं बिल परत पाठवलंय ओ. परवापर्यंत बरोबर येत होतं की!"

जाऊन बघितलं. कास्टिंग १,००,००० रुपये, पॅकिंग ४,०००. माल राज्याबाहेर जाणार, म्हणून १८ टक्के आयजीएसटी. पॅकिंगही करपात्र रकमेत धरावं लागतं, म्हणजे कर १८,७२० हवा. बिलात १८,०००.

बिलाचं सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी बनवलेलं, देखभाल माझ्याकडे. त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे एक्स्टेन्शन, वेगवेगळ्यांचे: पॅकिंगचं एकाचं, जीएसटीचं दुसऱ्याचं. दोन्ही सुटी चालवली तर चोख. पण दोघंही एकाच हुकवर (मूळ प्रोग्राममध्ये बाहेरच्या कोडसाठी ठेवलेल्या जागेवर) बसून तीच टोटल बदलत होते, आणि आधी कोण चालणार हे ठरत होतं फायलींच्या नावांवरून! पॅकिंगवाल्याच्या नव्या अपडेटमध्ये फायलीचं नाव बदललं आणि जीएसटीचा नंबर आधी लागला. कोडमध्ये चूक शोधायला गेलं तर दोघंही निर्दोष.

प्रायॉरिटीचे आकडे देऊन वेळ निभावली असती. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये तसंच आहे: आकडा दिला नाही तर १०, लहान आकडा आधी, आकडा सारखा असेल तर जो आधी नोंदला तो आधी. मग शेवटी राहायला एकजण ९९९ टाकतो, दुसरा ९९९९. खानापूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्यातलाच प्रकार.

म्हणून टोटलला हात लावायची मुभाच काढून घेतली. एक्स्टेन्शननं फक्त आपली ओळ द्यायची आणि ती कुठली ते सांगायचं: करापूर्वीचा आकार, सूट की कर. बेरीज मूळ प्रोग्राम करणार. ई-वे बिलाच्या (माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाच्या) एक्स्टेन्शनला तयार बिल नुसतं वाचायला मिळणार. एखादं कोसळलं तर बिल तिथंच थांबणार आणि त्याचं नाव स्क्रीनवर येणार. गुपचूप चुकीचं बिल छापण्यापेक्षा ते परवडलं.

संध्याकाळी बिल १,२२,७२० चं निघालं. पॅकिंगवाला मात्र फोनवर घुश्शात: "मग राउंड ऑफ कोण करणार? ते माझ्याकडं होतं." जीएसटीवाल्याकडंही होतं, हे त्याला तेव्हाच कळलं. आता ते दोघांकडूनही काढलंय.