कमी खर्चातले फुलांचे वाफे: काम कुठवर आलंय

तिन्ही वाफ्यांची आखणी झाली. दोन भरून लागवडीला लागले, तिसरा अजून पुठ्ठ्याखाली झाकलेला आहे. पैशाचं धोरण ठरलेलं: खर्च करायचा तो फक्त खतावर. रोपं, कडा, सजावट हे सगळं जमवाजमवीतून. भुसभुशीत, कसदार मातीत चिमूटभर बियाण्यातून अख्खा वाफा भरतो, आणि दगडासारख्या मातीत नर्सरीतून फुललेलं आणलेलं रोपही मान टाकतं. त्यामुळे फुलांवर खर्च करण्याचा मोह आधी माती तयार होईपर्यंत बाजूला ठेवला.

आखणी कागदावर केलीच नाही. पाण्याचा पाइप उन्हात टाकून मऊ केला आणि जमिनीवर हवा तसा वळवून ठेवला. मग रोज जिथून बघणार, त्या खिडकीत आणि दारात उभं राहून बघितलं. वरून झकास वाटणारं नागमोडी वळण डोळ्यांच्या उंचीवरून नुसतं वेडंवाकडं दिसतं, म्हणून एकच मोठं, सावकाश वळण ठेवलं. रुंदी ठरवायला सोपा हिशोब आहे. हात आरामात साधारण 60 सेंटिमीटर पोचतो, म्हणून दोन्ही बाजूंनी जाता येईल असा वाफा 1.2 मीटर आणि भिंतीलगतचा 60 ते 75 सेंटिमीटर. याहून रुंद केला की खुरपणीला आत पाय ठेवावाच लागतो आणि भुसभुशीत केलेली माती पुन्हा दाबली जाते.

ऊनसुद्धा आधीच बघून ठेवलं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळच्या आधी सावलीच्या कडेने राखेची रेघ ओढली. झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांना सहा तास तरी थेट ऊन हवंच. पहिल्या दोन वाफ्यांना ते मिळतं. तिसऱ्यावर सकाळचं कोवळं ऊन सोडलं तर सावलीच आहे, त्यामुळे तिथली यादी वेगळी करावी लागणार.

निचऱ्याची परीक्षा फुकट होते. 30 सेंटिमीटर खोल खड्डा, तोंडापर्यंत पाणी, ते जिरलं की पुन्हा भरायचं आणि दुसऱ्या वेळी मोजायचं. तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर उतरलं तर काळजी नाही. मातीच्या पोताची परीक्षा काचेच्या बरणीत: माती आणि पाणी घालून खळखळून हलवायचं आणि मग बरणी तशीच स्थिर ठेवायची. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक कण, काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. माझ्या बरणीत वरचा चिकणमातीचा थर चांगलाच जाड निघाला. अशा मातीत वाळू मिसळा असं हमखास सुचवलं जातं. थोडीशी वाळू घातली तर माती आणखी घट्ट होऊ शकते. चिकणमातीला भरपूर सेंद्रिय खतच मोकळं करतं.

गवत घालवायला पुठ्ठा. चिकटपट्ट्या काढलेला, चकचकीत छपाई नसलेला, कडा एकमेकांवर 15 सेंटिमीटर चढवून, भिजवून, वर पालापाचोळा. साधं गवत त्याखाली कुजतं. हरळीला मात्र पुठ्ठ्याची पर्वा नाही. तिची पांढरी कांडी मातीखालून सरकत जाते, आणि पेर असलेला बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा कोंब काढते. म्हणून हरळीच्या पट्ट्यात दाताळ्याने माती उकरून एकेक दोरा ओढून काढला. कुदळीचे घाव घातले की तुकडे वाढतात, म्हणजे हरळीची लागवडच. कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय सापडला नाही.

खत घेण्याआधी गणित करा, पोती अंदाजाने आणू नका. माझा पहिला वाफा 3 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद. त्यावर 5 सेंटिमीटरचा थर म्हणजे 0.18 घनमीटर, अर्थात 180 लिटर. घरचं पाल्याचं खत किती निघतं ते बादलीने मोजलं आणि उरलेलं तेवढंच शेणखत विकत घेतलं, तेही पूर्ण कुजलेलं. ताजं शेण मुळांना भाजतं. सुताराकडचा भुसा फुकट मिळाला तरी तो मातीत कालवू नका, कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो.

कडेला काहीच बसवलेलं नाही. फावड्याने वाफ्याच्या बाजूने सरळ उभा काप घेऊन वीतभर खोल चर काढलाय. गवत आत येत नाही आणि रेघ ठसठशीत दिसते, फक्त अधूनमधून काप ताजा करावा लागतो. एका बाजूला जुन्या विटा तिरप्या रोवल्यात. पॅलेटच्या (मालवाहतुकीच्या लाकडी चौकटींच्या) फळ्या वापरणार असाल तर शिक्का बघून घ्या: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची, नको.

आता रोपं. झेंडूचं वाळलेलं फूल चिमटीत फोडलं की काळ्या काड्यांसारखं बी निघतं, टोकाला फिकट पिसासारखा झुपका. तेवढं एक फूल बऱ्याच जागेला पुरतं. संकरित झेंडूचं बी धरलं तर पुढची पिढी सारखी निघत नाही. मला ती सरमिसळ आवडते. पोर्तुलाकाच्या फांद्या खुडून ओल्या मातीत खोचल्या की मुळं धरतात. त्याचं बी पेरलंत तर मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. सदाफुलीचं उलट, तिच्या बियांना रुजायला अंधार हवा. कर्दळीचा गड्डा एका परिचितांकडून आला, प्रत्येक तुकड्यावर डोळा राहील असा कापून मागच्या रांगेत लावला. कॉसमॉससाठी वाफ्याचं टोक मुद्दाम खताविना ठेवलं, कारण फार खत मिळालं की तो पानांतच रमतो.

एकेक रोप सुटं न लावता एका जातीचे पुंजके केले आणि तोच पुंजका वाफ्यात पुढे पुन्हा घेतला. रोपांत 30 सेंटिमीटर अंतर आहे. सध्या वाफा टकला दिसतो, हे कबूल. मधल्या जागेत पाचोळ्याचं आच्छादन टाकलंय. दाट लावलं असतं तर आज छान दिसलं असतं आणि पुढे झिनियावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली असती. झिनियाचे शेंडे पानांच्या तीन जोड्यांवर खुडले. फुलं उशिरा येतील, पण बगलेतले फुटवे आत्ताच दिसायला लागलेत.

तिसऱ्या वाफ्यासाठी कोलियसच्या फांद्या पाण्यात ठेवल्यात. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की कुंडीत जातील. सोबत तेरडा लावायचा विचार आहे. एवढ्या कमी उन्हात कुणी तो लावला असेल तर फुलं कितपत आली, ते कळवा. त्यावरून बी टाकायचं की नाही ते ठरवेन.