आमची वाटचाल: पंखा आधी मिटवून बघा

दुकानात आलेलं गिऱ्हाईक चिनी घडीचा पंखा हातात घेतलं की फाडकन उघडतं आणि चित्र बघतं. आम्ही म्हणतो, आधी मिटवा. मिटल्यावर सगळ्या कामट्या एकजीव बसल्या, कुठे फट दिसली नाही, तर पंखा चांगला. चिनी कारागीर या कामट्यांना पंख्याची हाडंच म्हणतात. हे शहाणपण आम्हा नवराबायकोला बऱ्यापैकी महागात पडलं.

२०१५ पर्यंत आमचा धंदा इमिटेशन दागिन्यांचा. माल चीनमधल्या यीवू शहराच्या होलसेल बाजारातून यायचा. एका खेपेला कागदपत्रांत अडकलो आणि दोन दिवस मोकळे मिळाले. यीवूहून हांगचौ रेल्वेने तासाभराच्या आत. तिथे जुन्या कालव्याकाठी, कुंगछन पुलाजवळ पंख्यांचं संग्रहालय आहे. खरं सांगायचं तर मी एसीच्या गारव्यासाठी आत शिरलो. बाहेर पडलो ते संध्याकाळी.

परत येऊन यीवूतूनच दोनशे पंखे उचलले, निम्मे 'चंदनी'. चंदनाची गंमत अशी की चीनच्याच सुचौ शहरातले पंखेवाले सगळ्यात भारी चंदन भारतातलंच मानतात. आमच्या मालात मात्र ते नावालाही नव्हतं. साध्या लाकडावर अत्तर फवारलेलं. पंधरा दिवसांत वास उडाला आणि गिऱ्हाईकं परत आली. मग जुलै उजाडला. उरलेल्या कागदी पंख्यांचा डिंक सुटला, घड्यांवर बुरशी धरली. पुण्याच्या पावसाने जे शिकवलं ते कुठल्याच दलालाने सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, "आता एक तर हे सोडा, नाहीतर नीट शिका."

शिकायला सुचौला गेलो. एका म्हाताऱ्या कारागिराकडे चार दिवस नुसता बसून राहिलो. बांबू आधी उकळायचा, उन्हात वाळवायचा आणि मग काही वर्षं तसाच ठेवून द्यायचा, म्हणजे पुढे वाकडं जाण्याची त्याची खोड मोडते. कामटी तासून झाली की तिला घासायला त्यांनी पॉलिशपेपर घेतला नाही. नदीकाठी उगवणाऱ्या एका गवताच्या पोकळ, खरखरीत कांड्या ओल्या करून घेतल्या. कामटी हातात दिली तेव्हा ती घोटलेल्या शिंपल्यासारखी लागली. नेहमीच्या पंख्याला अशा १६, लांबी साधारण ३२ सेंमी. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून घड्या घालतात आणि थरांमध्ये बारीक सळईने वाट करून त्यात कामटी सरकवतात. म्हणूनच जुने शौकीन पंखा झिजला की चित्राचा कागद अलगद सोडवून वहीत चिकटवून ठेवत.

आमच्या हवेला सगळ्यात मानवला तो हांगचौचा काळा कागदी पंखा. तिथलं वांग शिंगजी हे घराणं १८७५ पासूनचं. तुतीच्या सालीच्या कागदावर पर्सिमॉनच्या कच्च्या फळांचा चीक पुन्हापुन्हा चढवतात. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या भाऊबंदातलं. पाणी आत मुरत नाही, म्हणून तिकडे म्हणतात, एक पंखा म्हणजे अर्धी छत्री. पंखा घेऊन करायच्या ताई-ची या चिनी व्यायामाच्या वर्गांना आम्ही आता हेच देतो.

लग्नाच्या आहेरासाठी गोल रेशमी पंखे मागणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट सांगून टाकतो. चिनी भाषेत 'पंखा' आणि 'दुरावणं' या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे, म्हणून काही जण तो भेट देत नाहीत. पण थांग काळात नवरी अशाच पंख्याआड तोंड लपवायची, आपल्या अंतरपाटासारखी. हे ऐकून निम्मे लोक घेतात, निम्मे कुंकवाचा करंडा घ्यायला निघून जातात.

अलीकडे दुरुस्तीचं काम वाढलंय. गेल्या महिन्यात मुंबईहून एक पारशी बाई आल्या. आजेसासऱ्यांच्या वेळचा, चीनच्या कँटन बंदरातला लाखकाम केलेला पंखा, काळ्यावर सोनेरी, कागदच नाही, नुसत्या फितीने ओवलेल्या पट्ट्या. रेशमी फीत तुटलेली. ओवायला घेतला तर चित्रातल्या बागेतल्या पुलाचा अर्धा भाग आकाशात! आधी कुणीतरी पट्ट्यांचा क्रम चुकवला होता. बायकोने जेवणाच्या टेबलावर सगळ्या पट्ट्या मांडल्या आणि दुपारभर पूल जुळवत बसली. बाई न्यायला आल्या. आम्ही काही सांगायच्या आतच त्यांनी पंखा एकदा मिटवला, कानाशी धरून पुन्हा मिटवला, आणि म्हणाल्या, "हां, आता बरोबर वाजतोय."